श्वास सोडायला शिकताना

भिलाई म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते पोलाद! २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या धमनभट्टीचं उद्घाटन झालं आणि दुर्गजवळच्या भातशेतीच्या मुलखात एक आखीव-रेखीव पोलादनगरी उभी राहिली. धमनभट्टीचं तत्त्व तसं सोपं. खालून गरम हवेचा झोत मारायचा, त्यावर कोक धगधगतो आणि खनिजातलं लोखंड वितळून वेगळं होतं. गंमत म्हणजे हठयोगातल्या एका प्राणायामाचं नावही याच धंद्यातून आलंय. भस्त्रिका म्हणजे लोहाराचा भाता! भिलाईत योग शिकवणाऱ्याला हा प्राणायाम समजावून सांगायला फार कष्ट पडत नसावेत.

पण ही गोष्ट भाता जोरात चालवण्याची नाही. उलट, तो सावकाश रिकामा करण्याची आहे. माझे बाबा श्वास सोडायला कसे शिकले, त्याची आहे.

बाबा मूळचे भंडारा जिल्ह्यातले. १९८२ साली कारखान्यात लागले आणि २०१८ साली निवृत्त झाले. रेल्वेचे रूळ बनतात त्या विभागात त्यांची सगळी नोकरी गेली. एक आठवडा सकाळची ड्यूटी, एक आठवडा दुपारची, एक रात्रपाळी. घरात चहा कधी, जेवण कधी आणि आम्ही मुलांनी आवाज कधी करायचा, हे सगळं त्या पाळीवर ठरायचं. ते गणित सांभाळायची ती आई.

एप्रिल २०२१ मध्ये दुर्ग-भिलाईत करोनाची दुसरी लाट आली. आई-बाबा दोघंही आजारी पडले. बाबा घरी परतले. आई परतली नाही.

मी मुंबईहून जाऊन तीन महिने तिथंच राहिले. बाबांचा आजार बरा झाला होता, फुप्फुसांची तपासणीही ठीक होती. तरी दिवसातून दहा वेळा ते बोटाला ऑक्सिमीटर लावायचे. आकडा ९७ दाखवायचा आणि बाबा म्हणायचे, ‘‘हे मशीन खराब आहे. मला दम लागतोय.’’ एकदा ते पेपर वाचत असताना मी घड्याळ लावून त्यांचे श्वास मोजले. मिनिटाला २४! बसल्या जागी मोठ्या माणसाचा श्वास साधारण १२ ते २० वेळा चालतो. रात्री तर ते पडायचेच नाहीत. खुर्चीत बसून राहायचे.

डॉक्टरांनी औषधं दिली, चालायला सांगितलं आणि हलका प्राणायाम करायला हरकत नाही म्हणाले. मग टीव्हीवरचे योगवर्ग सुरू झाले. समोरचे गुरुजी ‘श्वास रोखून धरा’ म्हणाले की बाबा ताडकन उठून उभे राहायचे. ज्या माणसानं शेजारच्या खाटांवर लोकांना श्वासासाठी धडपडताना पाहिलं, त्याला कुंभकात शांती कुठून मिळणार?

वाट दाखवली ती आमच्या गल्लीतल्या काकूंनी. त्यांचं माहेर नागपूरचं. रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळात त्या तरुणपणी शिकल्या होत्या. जनार्दनस्वामींनी १९५१ साली सुरू केलेल्या या मंडळात योग विनामूल्य शिकवला जातो. काकूंनीही तोच नियम पाळलाय. त्या बाबांना म्हणाल्या, ‘‘भाऊ, श्वास धरायचा नाही. मोठा घ्यायचाही नाही. फक्त सोडायचा आणि सोडताना ॐ म्हणायचं. घ्यायचं काम शरीर आपोआप करतं.’’

‘‘मी काही देवदेव करणारा माणूस नाही,’’ बाबा म्हणाले.

‘‘मग गाणं म्हणतोय असं समजा. पण सूर संपेस्तोवर थांबू नका!’’

पहिल्या दिवशी सूर तीन सेकंदांत संपला. आठवडाभरानं सहा-सात सेकंद टिकू लागला. रोज सकाळी ११ वेळा, संध्याकाळी ११ वेळा. बस्स, एवढंच. हळूहळू माझ्या लक्षात आलं, की बाबा प्राणायामच करताहेत, फक्त त्यांना तसं कुणी सांगितलेलं नाही.

पत्रकाराचा स्वभाव गप्प बसू देईना. मी वाचायला घेतलं. २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. इटलीतल्या संशोधकांनी २३ निरोगी माणसांना ख्रिस्ती जपमाळेतली लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणिपद्मे’ हा मंत्र म्हणायला लावला. दोन्ही वेळा श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास आली आणि हृदय व रक्तदाब यांचा ताळमेळ सुधारला. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, पण श्वासाची लय एकच! २००२ साली स्वीडनमधल्या संशोधकांना आढळलं, की गुणगुणताना नाकातून बाहेर पडणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडचं प्रमाण शांत उच्छ्वासाच्या तुलनेत सुमारे १५ पट होतं.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. ‘दीर्घ श्वासानं भरपूर प्राणवायू मिळतो’ असं सर्रास सांगितलं जातं. निरोगी माणसाचं रक्त प्राणवायूनं आधीच ९५ ते १०० टक्के भरलेलं असतं. त्यात आणखी किती भरणार? खरा फरक पडतो तो मज्जासंस्थेत. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात आणि शरीराला निरोप जातो, की धोका टळलाय. योगाकडे अशा चिकित्सक नजरेनं पाहायला आपल्याकडे मराठी माणसानंच सुरुवात केली. स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे यांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केलं, ते प्रयोगशाळेसह!

पण श्वास शांत झाला म्हणजे दुःख शांत झालं का? नाही. बाबा रात्री चार-पाच तास झोपू लागले, ऑक्सिमीटर खणात गेला. तरी दिवसभर ते गप्पच असायचे. जुने मित्र आले की आत निघून जायचे. विशेषतः जोडीनं येणाऱ्यांना भेटायचं ते टाळायचे.

काकूंनी मग पातंजल योगसूत्रांचं मराठी विवरण आणून दिलं. योग म्हणजे आसनं, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात १९५ सूत्रांपैकी आसनांच्या वाट्याला जेमतेम तीन आली आहेत! पहिल्या पादातली २७ ते ३४ ही आठ सूत्रं वाचताना मात्र मी थबकले. पतंजली आधी ॐकाराचा जप सांगतात, तोही त्याच्या अर्थाचं चिंतन करत. मग ते चित्ताला विखरून टाकणाऱ्या अडथळ्यांची यादी देतात आणि अशा विस्कटलेल्या मनासोबत येणारी लक्षणं सांगतात. ती कोणती? दुःख, निराशा, अंगाचा कंप आणि बिघडलेला श्वास-प्रश्वास! माझ्यासमोर खुर्चीत बसलेल्या माणसाचं हे हुबेहूब वर्णन होतं. पुढे उपाय येतात. त्यात श्वास बाहेर सोडण्याचा उपाय आहेच, पण त्याच्या आधी एक वेगळंच सूत्र आहे. सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाविषयी आनंद आणि पाप्याविषयी उपेक्षा बाळगावी, मग चित्त निर्मळ होतं.

मी हे बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘दुःखी माणसाबद्दल करुणा वाटते गं. ते सोपं आहे. सुखी माणसाशी मैत्री कशी करायची? काल समोरचे दोघं मोटारसायकलवरून बाजारात गेले. मला त्यांचा राग आला. त्यांनी माझं काय वाईट केलंय?’’

आई गेल्यानंतर पहिल्यांदाच ते स्वतःच्या मनाविषयी बोलत होते.

माझ्या मते योगाचं तत्त्वज्ञान सुरू होतं ते इथं. राग आला, हे बाबांना दिसलं. म्हणजे राग वेगळा आणि तो पाहणारा वेगळा. सांख्य आणि योग ज्याला द्रष्टा आणि दृश्य म्हणतात, ते वेगळेपण हिमालयातच कळतं असं थोडंच आहे? ते भिलाईच्या एका व्हरांड्यातही कळू शकतं. फक्त आधी श्वास एवढा तरी स्थिर हवा, की माणूस स्वतःकडे पाहू शकेल. पतंजलीही प्राणायामाचं फळ म्हणून मन धारणेला योग्य होतं, असंच सांगतात. मंत्रानं श्वास लांबतो, श्वासानं मन थांबतं आणि थांबलेल्या मनाला विचार करता येतो. तिन्हींचं नातं असं साधं आहे.

काकूंनी चिंतनासाठी बाबांना एकच काम दिलं. ॐकार झाला की पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं आणि ज्याचा राग आला त्याचा चेहरा आठवायचा. ‘यांचं असंच चांगलं राहो’ एवढं मनात म्हणायचं. मनापासून नाही आलं तरी चालेल. बाबा म्हणायचे, ‘‘आज नाही आलं.’’ काकू म्हणायच्या, ‘‘उद्या पाहू.’’

भिलाईत मैत्रीबाग नावाचं मोठं उद्यान आहे. भारत-सोव्हिएत मैत्रीची आठवण म्हणून १९७२ साली ते तयार झालं. आई-बाबा आम्हा भावंडांना घेऊन तिथं पांढरे वाघ बघायला जायचे. आई गेल्यावर दोन वर्षं बाबा त्या रस्त्यालाही फिरकले नव्हते. एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. समोरच्या जोडप्याबरोबर ते मैत्रीबागेत गेले होते. ‘‘वहिनींनी डबा आणला होता. तुझ्या आईची आठवण आली. थोडं रडूही आलं. पण मी उठून आलो नाही.’’

वाचकांपैकी कुणाला हा प्रयोग करून पाहायचा असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. रक्तदाब, हृदयविकार किंवा दम्याचा त्रास असेल तर भस्त्रिका, कपालभाती आणि कुंभक यांच्या वाटेला डॉक्टर आणि जाणत्या शिक्षकाला विचारल्याशिवाय जाऊ नका. आणि चालू असलेली औषधं बंद करू नका. बाबांची रक्तदाबाची गोळी आजही चालू आहे.

परंपरा सांगते, की माणूस दिवसाला २१,६०० श्वास घेतो आणि प्रत्येक श्वासाबरोबर ‘सोऽहम्’चा जप आपोआप होत असतो. हिशेब केला तर मिनिटाला १५ श्वास होतात. म्हणजे आकडा वास्तवाला धरून आहे! एवढ्या श्वासांपैकी बावीस श्वास बाबा जाणीवपूर्वक सोडतात. बाकीचे २१,५७८ आपोआप चालतात, आणि आता ते त्यांना मोजावेसे वाटत नाहीत.