श्वासाचा पुरावा

तीस वर्षें मीं दुसऱ्यांच्या पेन्शनीचे कागद तपासले. ‘पुरावा अपुरा, सबब परत’ हे चार शब्द माझ्या लेखणीच्या इतके अंगवळणी पडले होते कीं, ते लिहितांना त्या कागदामागें कोणी श्वास घेणारा माणूस आहे, हें मला क्वचितच आठवे. ती आठवण करून दिली परदेशांतल्या एका म्हाताऱ्या खलाशानें, आणि तीहि मी नोकरींतून मोकळा झाल्यावर!

गेल्या उन्हाळ्यांत मुलीकडे अमेरिकेंत, कनेक्टिकट संस्थानांतील ग्रॉटन या गांवीं, चार महिने राहण्याचा योग आला. हें गांव पाणबुड्यांचें. तेथेंहि एक थेम्स नदी आहे, आणि तिच्या कांठीं ‘नॉटिलस’ ही अणुशक्तीवर चालणारी जगांतील पहिली पाणबुडी आतां संग्रहालय होऊन विसावली आहे. १९५४ सालीं ती पाण्यांत उतरली. ती दाखवावयास मला घेऊन गेले ते आमचे शेजारी. वय ऐंशीच्या घरांत. १९६४ सालीं ते आरमारांत शिरले व डीझेलवर चालणाऱ्या एका जुन्या पाणबुडीच्या यंत्रघरांत कामाला लागले.

संग्रहालयाच्या सहाव्या पायरीवर ते कठडा धरून उभे राहिले. मीं म्हटलें, “जुन्या आठवणी दाटून आल्या वाटतें?”

ते हसले व दम खात म्हणाले, “आठवणी नव्हेत. धूळ दाटली आहे.”

ही धूळ अ‍ॅस्बेस्टॉसची. हा एक तंतुमय दगड; त्याच्या ग्रीक नांवाचा अर्थ ‘न विझणारा’ असा आहे. आगीला तो भीत नाहीं, म्हणून १९३० नंतर सुमारें चाळीस वर्षें अमेरिकन आरमारानें तो जहाजांतून सढळ हातानें वापरला. तापणाऱ्या नळांवर त्याचें वेष्टण, यंत्रांच्या सांध्यांत त्याचेंच गॅस्केट. पाणबुडीला खिडकी नसते. एकदां बुडी मारली कीं, तीच हवा फिरून फिरून सर्वांच्या नाकांतून जावयाची. दुरुस्तीच्या वेळीं हीं विशीच्या आंतलीं मुलें तें पांढरें वेष्टण उघड्या हातांनीं ओरबाडून काढीत, आणि त्याच्या शेजारींच जेवीत व झोपत. तो तंतु एकदां फुप्फुसांत रुतला कीं बाहेर निघत नाहीं. मात्र त्याला घाई नसते. वीस वर्षांनीं, कधीं पन्नास वर्षांनीं, तो आपला हिशेब मागतो.

हें कोणालाच ठाऊक नव्हतें, असें मात्र म्हणतां येत नाहीं. इंग्लंडांत रॉचडेल येथील नेली केरशॉ ही कामगार स्त्री १९२४ सालीं याच धुळीनें मेली, तेव्हां तिची हकीगत वैद्यकीय नियतकालिकांत छापली गेली होती. १९३१ सालीं तेथें या धुळीविरुद्ध कायदेशीर नियमहि झाले. माझे शेजारी तेव्हां जन्मलेहि नव्हते!

नोकरींत झालेल्या इजेबद्दल सैनिकाला सरकारवर फिर्याद लावतां येत नाहीं, असा त्या देशांतील सर्वोच्च न्यायालयाचा १९५० चा निर्णय आहे. सरकारकडे मागावयाचा तो अपंगत्वाचा भत्ता. त्यासाठीं तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: नोकरींत धुळीशीं संबंध आला होता, आज रोग आहे, आणि या दोहोंचा कार्यकारणसंबंध आहे. रोग मोजण्याची रीत विलक्षण आहे. एका नळींत जोरानें श्वास सोडावयाचा. अपेक्षेच्या निम्म्याहून कमी हवा भरली, तर अपंगत्व पूर्ण १०० टक्के! पण साठ वर्षांपूर्वींच्या धुळीला साक्षीदार कोठून आणावा? आरमाराच्या दप्तरांत खलाशाचें काम लिहिलेलें असतें. त्याच्या श्वासांत काय गेलें, तें नसतें. सोबत्यांचीं पत्रें पुरावा म्हणून चालतात, एवढ्या आधारावर त्यांनीं जुन्या सोबत्यांना पत्रें धाडलीं. कांहीं परत आलीं. कांहींना विधवांनीं उत्तरें दिलीं. शेवटीं एकाचें पत्र आलें: “सकाळीं उठून आपण घोंगड्या झटकीत असूं, तेव्हां पीठ उडे. आपण एकमेकांना पाववाले म्हणत असूं.”

मी पेन्शनखात्यांतला, हें कळल्यावर त्यांनीं तें सारें दप्तर मजपुढें ठेविलें. जुन्या संवयीनें मीं तासाभरांत तीन दोष काढले. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि कायद्याच्या एका कलमावर बोट ठेविलें. अनुकूल व प्रतिकूल पुरावा जवळजवळ समतोल असेल, तर संशयाचा फायदा सैनिकाला द्यावा, असें त्यांत स्पष्ट लिहिलें होतें.

तें वाक्य मीं दोनदां वाचलें. मला एक फाइल आठवली. एका सरकारी कारखान्यांतील फिटर खोकून खोकून वारला होता. त्याच्या विधवेच्या अर्जांत दाखला होता, सोबत्यांचे जबाब होते. दाखल्यावर तारीख तेवढी नव्हती. मीं माझे चार शब्द लिहिले. ती बाई पुन्हां आली नाहीं, आणि मींहि चौकशी केली नाहीं. माझ्या तराजूंतहि दोन्ही पारडीं समतोलच होतीं. पण तीं कोणीकडे झुकवावीं, हें मला कोणी सांगितलें नव्हतें, आणि मीं कोणाला विचारलेंहि नव्हतें.

हिंवाळ्यांत मुलीचें पत्र आलें: शेजाऱ्यांचा भत्ता मंजूर झाला. मला मनापासून आनंद झाला. त्या रात्रीं झोंप मात्र लागली नाहीं. त्या बाईचें नांव आठवण्याचा मीं फार प्रयत्न केला. फाइलीचा नंबर आठवला. नांव आठवलें नाहीं.