ताप सांगायचा कुणाला?

15 सप्टेंबर 2020 पासून कोविडसाठी 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली आणि आम्हा शिक्षकांनाही सर्वेक्षणाची ड्युटी लागली. पथकात एक आरोग्य कर्मचारी आणि सोबत दोघं. हातात ताप मोजायची बंदूक, ऑक्सिमीटर आणि लांबलचक तक्ता. अकोल्याच्या जुन्या शहरात आम्ही फिरायचो. कडी वाजवली की आतून आधी प्रश्न यायचा, "कायले आले?" आणि दाराच्या फटीतून उत्तरही, "आमच्या घरी कोणालेच काई नाई." मागे कुणीतरी खोकत असलं तरी हेच.

लोक अडाणी म्हणून लपवतात, हे तेव्हा मी फार ऐकलं. मला ते कधी पटलं नाही. एप्रिलमध्ये बैदपुऱ्यात शहरातला पहिला रुग्ण सापडला, तेव्हापासून लोकांनी काय पाहिलं होतं? दारात रुग्णवाहिका, गच्चीवरून मोबाईलवर शूटिंग करणारे शेजारी आणि सील झालेली गल्ली. हातावर पोट असलेला माणूस त्या गल्लीत किती दिवस काढणार? एकाने ताप सांगितला तर दहा घरांची मजुरी बुडणार. म्हणून लोक मेडिकलमधून गोळी आणून गप्प राहत. नियम त्यांना तोंडपाठ होते. ते पाळायची किंमत काय पडते, तेही ठाऊक होतं.

आमच्यासोबतची आशाताई, म्हणजे आशा स्वयंसेविका, त्याच भागातली. एका घरी म्हातारीने दार लोटून घेतलं. मी तक्ता सावरत उभी राहिले. ताई सरळ ओट्यावर बसली. आधी नातवाची चौकशी केली. त्या नातवाच्या वेळी सुनेला रात्री लेडी हार्डिंग या बायकांच्या दवाखान्यात तिनेच नेलं होतं. मग म्हणाली, "आजी, बोट द्या बरं इकडं." आजीने दिलं. ऑक्सिमीटरचा आकडा 89 वर येऊन थांबला. 95 च्या खाली गेला की दवाखान्यात पाठवायचं, असा आमचा नियम.

"सर्वोपचारमंदी मले मारून त नाई टाकत न?" आजीने त्या सरकारी दवाखान्याबद्दल विचारलं. तिच्या चेहऱ्यावर खरी भीती होती.

"माई सासू तिथूनच बरी होऊन आली. या संध्याकाळी, पाहून घ्या तिले."

आजीने जेवायला काय देतात विचारलं, चष्मा नेऊ देतात का विचारलं, शेळीला चारा कोण टाकेल तेही विचारलं. ताईने एकेक उत्तर दिलं. शेळीचं शेजारणीवर सोपवलं. पाऊण तास गेला. दिवसाला 50 घरांचं उद्दिष्ट होतं, ते त्या दिवशी राहिलं. आजी मात्र त्याच दुपारी भरती झाली आणि बरी होऊन परत आली. त्यानंतर त्या गल्लीत आम्हाला कुणी दारातून परत पाठवलं नाही. लोक स्वतःहून सांगू लागले, "ताई, पोराचं अंग गरम हाय."

पुण्यात 1897 च्या प्लेगात सोल्जर घरात घुसून झडत्या घेत, तेव्हा लोकांनी रुग्ण लपवले होते. सव्वाशे वर्षांनी आम्ही त्याच भीतीसमोर उभ्या होतो, फक्त आता दाराशी ओळखीची बाई होती.

अमरावतीत फेब्रुवारी 2021 मध्ये मी अशा विश्वासाची दुसरी बाजू पाहिली. माझं माहेर राजापेठेतलं. जानेवारीत गावोगावच्या ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या, गुलाल उधळला गेला, पाठोपाठ लग्नं सुरू झाली. मास्क हनुवटीवर आले. भावाला टोकलं तर म्हणाला, "मिरवणुकीत पुढारी बिनमास्कचे चालतात, मंग लग्नात आमालेच कायले?" त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. त्यात रिपोर्ट खोटे आहेत, पैशासाठी पॉझिटिव्ह काढतात, ही अफवा. राजकमल चौकात पोलीस दिसले की मास्क वर चढायचा, चौक ओलांडला की खाली. दंडाने एवढंच साधतं. 22 तारखेच्या संध्याकाळपासून अमरावती आणि अचलपूर शहरांत पुन्हा लॉकडाऊन लागला. महाराष्ट्रात दुसऱ्या लाटेची पहिली मोठी झळ आमच्या वऱ्हाडाला बसली.

दुसऱ्याच दिवशी, 23 फेब्रुवारीला, संत गाडगेबाबांची जयंती होती. गाडगेनगरच्या समाधीवर एरवी किती गर्दी! बाबा गावात आले की आधी खराटा घेऊन रस्ता झाडत आणि रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढत. भाषा वऱ्हाडी, दाखले घरातले. स्वच्छतेचं सांगणं लोकांनी ऐकलं, कारण सांगणाऱ्याच्या हाताला धूळ लागलेली होती. भाषेचं तेच मेळघाटातही दिसलं. लस घ्यायला लोक कचरत होते, तेव्हा त्यांच्याशी त्यांच्या कोरकू भाषेत बोलावं लागलं. मराठी पत्रक वाटून तिथे काय होणार होतं?

रोगाची भीतीही माणसाला नियम पाळायला लावते, मी ते नाकारत नाही. त्याच वर्षी मार्च-एप्रिलमध्ये ओळखीच्या घरांतली माणसं जाऊ लागली, तेव्हा आमच्या गल्लीतल्या पोरांनी स्वतःच दोन्ही टोकांना दोर बांधले. पण ती शहाणीव माणसं गमावून आलेली होती. अकोल्याच्या त्या ओट्यावर ती कुणाचा जीव न जाता आली.

त्या आशाताईंना तेव्हा कोविडच्या कामाचा भत्ता महिन्याला 1000 रुपये होता. 15 जून 2021 पासून मानधनासाठी राज्यभरच्या आशांना संपावर जावं लागलं. पुढची साथ येईल तेव्हा फलक आणि दंडाच्या पावत्या छापण्याआधी सरकारने या बायकांचं मानधन वेळेवर द्यावं. आणि तुमच्या दाराशी त्या आल्या, तर त्यांना बसायला सांगा आणि घरात ताप असेल तर खरं सांगा.