भिंतीवरचा मीटर

पॅरिसमध्ये लक्झेंबर्ग बागेलगत व्होजिरार नावाचा रस्ता आहे, शहरातला सगळ्यात लांब. त्यावरच्या ३६ क्रमांकाच्या इमारतीला दगडी कमानी आहेत. कमानीखाली, भिंतीला, संगमरवराची एक आडवी पट्टी बसवलेली आहे. पट्टीवर भाग पाडणाऱ्या रेघा आहेत आणि सुबक अक्षरांत एकच शब्द कोरला आहे: मेत्र. म्हणजे मीटर. समोरच्या राजवाड्यात फ्रान्सची सेनेट भरते, बागेकडे जाणारी मुलं धावत पुढे निघून जातात, आणि या पट्टीकडे कोणाचं लक्षही नसतं. मी मात्र तिथे बराच वेळ उभा होतो. शेवटी न राहवून हात वर केला आणि वीत टाकली. साडेचार विती भरल्या.

फ्रान्सला गेलेल्या माणसाने आयफेल टॉवर पाहावा, मोनालिसा पाहावी, व्हर्सायचा आरसेमहाल पाहावा असा शिरस्ता आहे आणि तो वाईट नाही. मीही ते सगळं पाहिलं. पण कोणी मला या देशाची ओळख करून दे म्हटलं, तर मी त्याला आधी या कमानीखाली आणीन.

१७८९ च्या राज्यक्रांतीपूर्वी तिथे लांबी मोजायला 'राजाचा पाय' होता. आजच्या हिशेबाने साधारण साडेबत्तीस सेंटिमीटर. गावं बदलली की मापं बदलायची. कापडाचा गज इथला वेगळा, पुढच्या गावचा वेगळा, धान्याचं मापही तसंच, आणि नाव मात्र पुष्कळदा एकच. खंडाचं धान्य घेताना लागायचं ते जमीनदाराचं स्वतःचं माप. माझी आजी म्हणायची, सावकाराची पायली घेताना मोठी आणि देताना लहान. तिला फ्रान्स कुठे आहे हे ठाऊक नव्हतं, पण १७८९ साली राजाने प्रजेची गाऱ्हाणी लिहून मागवली तेव्हा गावोगावच्या वह्यांत हेच दुखणं पुन्हा पुन्हा लिहिलं गेलं. आमची मापं एक करा.

ती एक करायची तर कोणाच्या पायाची? क्रांतीतल्या शास्त्रज्ञांनी दिलेलं उत्तर मला आजही थोर वाटतं. कोणाच्याच पायाची नाही, पृथ्वीची. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर. पृथ्वी कोणा राजाची नाही, म्हणून तिच्यावरून काढलेलं माप सगळ्यांचं.

त्यासाठी १७९२ मध्ये दोन माणसं पॅरिसहून निघाली. देलांब्र उत्तरेला डंकर्ककडे, मेशँ दक्षिणेला बार्सिलोनाकडे. पॅरिसवरून जाणाऱ्या रेखावृत्ताचा तेवढा तुकडा मोजायचा होता. चर्चच्या मनोऱ्यांवर, किल्ल्यांच्या बुरुजांवर चढून एका टोकावरून दुसरं टोक न्याहाळायचं, कोन घ्यायचे, त्रिकोणाला त्रिकोण जोडत पुढे सरकायचं. देश पेटलेला. दुर्बिणी घेऊन मनोऱ्यावर चढणारा माणूस गावकऱ्यांना हेर वाटे. देलांब्रला तर पॅरिसच्या वेशीवरच अडवून ठेवलं होतं. ज्या राजाने मोहिमेला मान्यता दिली त्याचं डोकं २१ जानेवारी १७९३ ला गिलोटिनखाली गेलं. मोजणी चालूच राहिली. १७९९ मध्ये प्लॅटिनमची मूळ पट्टी तयार होऊन सरकारी दफ्तरात ठेवली गेली, तोवर सात वर्षं उलटली होती.

या दोघांपैकी मेशँबद्दल मला फार वाटतं. बार्सिलोनात त्याने दोन ठिकाणांहून घेतलेल्या नोंदी एकमेकींशी जुळेनात. फरक अगदी बारीक, पण त्याने तो कोणाला सांगितला नाही. मनात ठेवला आणि कुढत राहिला. काम पुरं करायचं म्हणून पुन्हा स्पेनला गेला आणि १८०४ मध्ये तिथेच तापाने वारला. त्याची टिपणं हाती आल्यावर देलांब्रला सगळं समजलं. आज आपल्याला माहीत आहे की तो मीटर ठरवलेल्या व्याख्येपेक्षा सुमारे ०.२ मिलिमीटरने आखूड भरला, आणि त्यात पृथ्वीचा आकार वाटला होता तितका सारखा नाही हेही एक कारण होतं. आयफेल टॉवरच्या पहिल्या मजल्याखाली चारही बाजूंनी ७२ शास्त्रज्ञ-इंजिनियरांची नावं लावलेली आहेत. हा टॉवर १८८९ चा, क्रांतीच्या शताब्दीसाठी उभारलेला. त्या ७२ नावांत देलांब्र आहे. मेशँ नाही. टॉवर पाहताना लोक मान वर करून थेट शेंड्याकडे बघतात. मी ती नावं वाचत चारही बाजू फिरलो.

ते रेखावृत्त आजही पॅरिसमध्ये पायी धरता येतं. यान दिबेट्स या डच कलावंताने १९९४ मध्ये त्या रेषेवर पितळेच्या रंगाच्या १३५ लहान चकत्या फरसबंदीत बसवल्या. प्रत्येकीवर आरागो या खगोलशास्त्रज्ञाचं नाव आणि उत्तर-दक्षिण दाखवणारी अक्षरं. आरागोचा ब्राँझचा पुतळा जर्मन अंमलात धातूसाठी वितळवला गेला होता; त्याच्या जागी त्याचं हे स्मारक. चौदाव्या लुईने १६६७ मध्ये स्थापलेल्या वेधशाळेपासून निघायचं, लक्झेंबर्ग बाग ओलांडायची, सेन नदी पार करून लुव्रमध्ये शिरायचं. काही चकत्या हरवल्या आहेत. खाली बघत चालावं लागतं, आणि शहर असं खाली बघत पाहिलं की त्याची झीज दिसते, डागडुजी दिसते, लोकांच्या पायांनी गुळगुळीत झालेल्या पायऱ्या दिसतात.

लुव्र हा राजांचा वाडा. क्रांतीने १० ऑगस्ट १७९३ ला, राजसत्ता कोसळल्याच्या पहिल्या वाढदिवशी, तो संग्रहालय म्हणून लोकांना उघडला. त्याच वर्षी आठवडासुद्धा दशमान झाला, दहा दिवसांचा. त्यातले तीन दिवस सर्वसाधारण लोकांसाठी राखलेले. राजाच्या भिंतीवरची चित्रं बघायला कोळीण, सुतार, शिंपी आत शिरले असतील, तो क्षण मला क्रांतीतला सगळ्यात सुंदर क्षण वाटतो. मोनालिसा जेमतेम ७७ बाय ५३ सेंटिमीटरची आहे आणि तिच्यापुढे माणसांची भिंत असते. त्याच दालनात तिच्या समोर व्हेरोनेझेने रंगवलेली काना नावाच्या गावातल्या लग्नाची पंगत आहे, जवळजवळ दहा मीटर रुंद. वाढपी, वादक, कुत्री, उंची वस्त्रं, सगळं जिथल्या तिथे. तिच्याकडे बहुतेकांची पाठ असते. हे चित्र नेपोलियनच्या सैन्याने १७९७ मध्ये व्हेनिसच्या एका मठातून उचलून आणलं. सगळ्यांचं म्हणून जे मांडलं, त्यात दुसऱ्याचं ओरबाडलेलंही होतं. हे सांगितल्याशिवाय लुव्रचं कौतुक करू नये.

अशा भेगा या देशाच्या इतिहासात पुष्कळ आहेत. १७९३ च्या नोव्हेंबरमध्ये फर्मान निघालं की श्रीमंतांचा पांढरा पाव आणि गरिबांचा काळा पाव हा भेद बंद. सगळ्यांनी एकाच प्रतीचा, 'समतेचा पाव' खायचा. त्याच महिन्यात स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिणाऱ्या ओलँप द गूजला गिलोटिनवर चढवलं. खरं तर पावासाठी रस्त्यावर उतरल्या त्या बायकाच. ५ ऑक्टोबर १७८९ ला पावसात चालत हजारो जणी पॅरिसहून व्हर्सायला गेल्या आणि दुसऱ्या दिवशी राजाराणीला आपल्याबरोबर घेऊन आल्या. व्हर्सायच्या आरसेमहालात ३५७ आरसे आहेत. तिथे उभं राहिल्यावर मला चिखलाने भरलेले ते पाय आठवत होते. त्या बायकांच्या लेकीसुनांना मताचा हक्क मिळायला मात्र १९४४ साल उजाडावं लागलं.

पाव हा तिथे आजही साधा विषय नाही. १९९३ च्या सरकारी नियमानुसार 'परंपरेचा पाव' म्हणून विकायचा असेल तर तो गोठवलेला चालत नाही. बगेटची कारागिरी २०२२ मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत गेली. पहिल्या सकाळी मी कोपऱ्यावरच्या बेकरीत शिरलो आणि बोट दाखवून बगेट मागितली. गल्ल्यामागच्या बाई माझ्याकडे बघत शांतपणे म्हणाल्या, "बोंजूर, मस्य." आणि थांबल्या. माझ्याही तोंडून बोंजूर निघेपर्यंत त्यांचा हात पावाकडे गेला नाही. मग हसून त्यांनी बगेट कागदात गुंडाळून दिली. दुकानात शिरताना आधी नमस्कार, मग व्यवहार. गिऱ्हाईक म्हणजे राजा, हे तिथे कोणी मानत नाही. राजा कधीच गेला. उरली ती समोरासमोर उभी असलेली दोन माणसं. बगेट गरम होती, दाबली की कुरकुरायची. घरी पोचेपर्यंत तिचं टोक मोडून खायचं ही तिथलीच रीत, ती मी लगेच उचलली.

लक्झेंबर्ग बागेपासून थोड्याच अंतरावर कॉलेज द फ्रान्स आहे, १५३० मध्ये पहिल्या फ्रान्स्वा राजाने सुरू केलेलं. इथल्या व्याख्यानांना फी नाही, प्रवेशपरीक्षा नाही, नावनोंदणी नाही. दार ढकलून कोणीही आत बसावं. १९३७ पासून इथे झ्यूल ब्लोक शिकवत होते. मराठी माणसाने या दाराशी क्षणभर थांबावं. आपली भाषा कुठून आली, तिचे उच्चार आणि प्रत्यय कसे घडत गेले, याचा शास्त्रशुद्ध इतिहास पहिल्यांदा लिहिला तो या फ्रेंच माणसाने, आणि फ्रेंचमध्ये. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ मध्ये तो 'मराठी भाषेचा विकास' या नावाने मराठीत आणला. ज्या बारकाईने देलांब्रने मनोऱ्यामागून मनोरा धरला, तशाच चिकाटीने ब्लोक यांनी ज्ञानेश्वरीपासूनच्या मराठीचा एकेक ध्वनी तपासला आहे.

रेखावृत्त धरून उत्तरेला डंकर्कच्या दिशेने गेलं की सपाट शेतांचा मुलूख लागतो. रेषेच्या थोडं पूर्वेला न्यव्ह शापेल हे खेडं आहे. मार्च १९१५ मध्ये इथे मोठी लढाई झाली आणि तीत हिंदी सैनिक लढले. गावाबाहेर रस्त्याच्या वळणावर १९२७ मध्ये उभारलेलं त्यांचं स्मारक आहे. गोल आवार, सांचीच्या कठड्यांची आठवण देणारी दगडी जाळी, मध्ये उंच स्तंभ. ज्यांची थडगीही सापडली नाहीत अशा ४,७०० हून अधिक जणांची नावं भिंतीवर आहेत. मी गेलो तेव्हा आवारात दुसरं कोणी नव्हतं. पॅरिसहून लिल आणि तिथून पुढे, एका दिवसात होतं. युरोपच्या सहलीत आठ दिवस काढणाऱ्याने यातला एक दिवस इथे द्यावा.

मीटर खुद्द फ्रान्सलाही सहज पचला नव्हता. बाजारातली माणसं जुनीच मापं वापरत राहिली, नेपोलियनने १८१२ मध्ये त्यांना सवलत दिली, आणि दशमान मापं सक्तीची झाली ती १८४० च्या १ जानेवारीपासून. आजही तिथल्या मंडईत आजीबाई 'एक लिव्र' चेरी मागतात. लिव्र म्हणजे जुना रतल. आता त्याचा अर्थ अर्धा किलो. ते ऐकून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आपल्याकडे १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा झाला, शेर-मण गेले, किलो आला. पण आपण पावशेर मिरच्या आणतो त्या अडीचशे ग्रॅम असतात, तोळाभर सोनं घेतो ते दहा ग्रॅम असतं. नवी नवरी अजूनही माप ओलांडूनच घरात येते. शब्द जुने राहिले, पण वजन मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत एक झालं. ज्या बाजारात आठवड्याची भाजी घेऊन बाई घरी जाते, तिथल्या काट्याला व्होजिरार रस्त्यावरच्या त्या भिंतीचं देणं आहे.

१७९६-९७ मध्ये असे सोळा मीटर पॅरिसभर भिंतींवर बसवले होते, कोणीही यावं आणि आपला गज पडताळून घ्यावा म्हणून. मूळ जागी राहिलेला आता हा एकच. त्याला तिकीट नाही, रांग नाही, रात्रीही दरवाजा लागत नाही. पॅरिसला जाल तेव्हा तिथे थांबा आणि आपली वीत टाकून बघा.