भार कुठल्या अक्षरावर?

जळगावात इंग्रजी उच्चार शिकवायचा तर मी सुरुवात 'बनाना'पासून करतो. रावेर-यावलच्या पोरांच्या दारातच केळीच्या बागा, त्यामुळे शब्द ओळखीचा. हनुवटीखाली हात धरून म्हणायला सांगतो. हनुवटी जितक्यांदा खाली जाईल, तितके शब्दाचे तुकडे. तीन तुकडे सगळ्यांना सापडतात. पण तिन्ही एकाच जोराने येतात. इंग्रजीत भार एकट्या मधल्या 'ना'वर असतो. अलीकडचं-पलीकडचं अक्षर जेमतेम ऐकू येतं.

तुकडे पाडणं सोपं, भार ओळखणं अवघड, आणि त्याचं कारण आपल्याच व्याकरणात आहे. लघु कोणतं, गुरू कोणतं हे मराठीत अक्षर पाहूनच कळतं. वृत्तं शिकलेल्या मुलाला मी फळ्यावर 'इलेक्ट्रिसिटी' देतो. तो 'ले' आणि 'टी' गुरू धरतो, 'क्ट्रि' लघु. त्याचं माप अचूक असतं. इंग्रजी बोलणारा मात्र सगळ्यात जास्त जोर नेमका त्या लघु 'ट्रि'वर देतो! गुरू म्हणजे लांबी. आघातात जोर येतो, सूर चढतो. ही दोन मापं वेगळी आहेत, हे पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

शिवाय हा भार जागा बदलतो. ठिबकच्या नळ्या रोज पाहणाऱ्या मुलांना 'इरिगेशन' कोणी शिकवावा लागत नाही. 'इरिगेट' म्हणताना भार पहिल्या 'इ'वर. मागे 'शन' लागला की तो 'गे'वर सरकतो. म्हणून लांब शब्द शेवटाकडून वाचायचा. शेवटी 'शन' असेल तर भार त्याच्या लगतच्या आधीच्या तुकड्यावर, 'सिटी' असेल तर शेवटून तिसऱ्यावर: 'युनिव्हर्सिटी'त 'व्हर्'. 'इक'च्याही आधी बहुधा भार येतो, पण 'पॉलिटिक्स' हा नियम मोडतो. असे शब्द पाठच करून घेतो.

धुळ्याकडच्या कित्येक मुलांच्या घरी अहिराणी, शाळेत मराठी, आणि इंग्रजी पुस्तकात. राज्यात 2000 पासून पहिलीलाच इंग्रजी आली, तरी ती या मुलांच्या डोळ्यांना जितकी भेटते तितकी कानांना भेटत नाही. त्यातून प्रत्येक अक्षर स्पष्ट म्हणण्याची शिस्त लहानपणापासून अंगात मुरलेली. एका मुलीने विचारलं, "सर, अक्षर असं खाल्लं तर तोंडी परीक्षेत मार्क जातील ना?" तेव्हापासून मी भाराच्या आधी हलकी अक्षरं हलकी म्हणायला शिकवतो. ती दबली की भार आपोआप ऐकू येतो.