बेडकाची लाथ

आमच्या कुटुंबांत पोहणाऱ्यांच्या दोन पिढ्या आहेत. वडील मंडळी गांवच्या विहिरींत, कमरेला सुका भोपळा बांधून शिकली. मुलें शहरांतील तलावावर, शुल्क भरून आणि घड्याळाकडे पाहून शिकत आहेत. पहिल्या पिढीचें दुसरीविषयीं मत फारसें चांगलें नाहीं. "पाय कसे मारावे हें का शिकवावें लागतें? पाण्यांत पडलें कीं पाय आपोआप चालतात," असें आमचे थोरले बंधु नेहमीं म्हणतात. पाय आपोआप चालतात हें खरेंच. पण ते चालल्यानें मनुष्य पुढें जातोच असें मात्र नाहीं. ही गोष्ट गेल्या वर्षभरांत घरांतील १३ वर्षांच्या पुतणीच्या निमित्तानें मला जवळून पाहावयास मिळाली.

ती ज्या प्रकारांत पोहते त्याला ब्रेस्टस्ट्रोक म्हणतात. आपल्याकडे त्याला बेडकासारखें पोहणें म्हणतात, आणि मला तेंच नांव अधिक आवडतें, कारण त्यांत पायांचा मान राखलेला आहे. इतर प्रकारांत हात हे कर्ते आणि पाय हे त्यांचे मदतनीस. येथें पुढें जाण्याचा मोठा वांटा पायांकडे असतो. १८७५ सालच्या ऑगस्टमध्यें कॅप्टन मॅथ्यू वेब यानें डोव्हरहून निघून सुमारें पावणेबावीस तासांत इंग्लिश खाडी पार केली, ती ह्याच पद्धतीनें.

पुतणीचे हात बळकट आहेत. तरी १०० मीटरचा तिचा वेळ वर्षभर जागचा हलला नव्हता. अखेर तलावावरील मास्तरांनीं एके दिवशीं तिच्या हातीं फळी दिली आणि नुसत्या पायांनीं २५ मीटर जाण्यास सांगितलें. मीं कांठावर बसून लाथा मोजल्या, १९ झाल्या. शेजारच्या पट्ट्यांतून तिच्याच वयाची एक मुलगी ११ लाथांत पलीकडे पोंचली, आणि तीहि फारशी न दमतां. "तुझ्या आठ लाथा कुठें गेल्या, बाळ?" असें मास्तरांनीं विचारलें. हा प्रश्न पुढें आमच्या घरीं कित्येक दिवस जेवतांना निघत असे.

त्या आठ लाथा कुठें जातात, हें समजावयास ह्या लाथेची घडण पाहिली पाहिजे. प्रथम टांचा बैठकीकडे आणावयाच्या. ह्या वेळीं पुष्कळ मुलें टांचांऐवजीं गुडघेच पोटाखालीं ओढतात. तसें केलें कीं मांड्या पाण्यापुढें आडव्या फळीसारख्या उभ्या राहतात आणि आधींच्या लाथेनें मिळविलेला वेग तेथेंच खर्चीं पडतो. पाणी हवेच्या सुमारें ८०० पट दाट आहे, तें असा अडथळा फुकट सोडीत नाहीं. नंतर, जोर लावण्यापूर्वीं, चवडे बाहेर वळवावयाचे आणि नडगीकडे ओढावयाचे, म्हणजे तळवा व नडगीची आंतली बाजू मिळून पाणी पकडतात. पाऊल सरळ राहिलें तर तें सुरीसारखें पाण्यांतून निसटतें. कष्ट होतात, गति मिळत नाहीं. शेवटीं पाय मागें ढकलीत एकत्र आणावयाचे, बोटें लांबवावयाचीं, आणि अंग काठीसारखें ताठ करून क्षणभर नुसतें सरकत राहावयाचें. हें शेवटचें स्वस्थ राहणें मुलांना सर्वांत जड जातें.

पूर्वींचे शिक्षक निराळें शिकवीत. पाय खूप फांकवावे आणि कातरीच्या पात्यांप्रमाणें मिटावे, म्हणजे मध्यें सांपडलेलें पाणी मागें फेकलें जाऊन अंग पुढें जाईल, अशी त्यांची समजूत असे. अमेरिकेंतील इंडियाना विद्यापीठाचे जेम्स काउन्सिलमन यांनीं ही समजूत खोडून काढली. पाणी चिमटल्यानें कोणी पुढें जात नाहीं, तळव्यांनीं तें मागें लोटल्यानें जातो, असें त्यांचें सांगणें. त्यांचा शिष्य चेट जॅस्ट्रेम्स्की गुडघे जवळ ठेवून चाबकाच्या फटकाऱ्यासारखी अरुंद, वेगवान लाथ मारी, आणि १९६१ सालीं १०० यार्ड अंतर एका मिनिटाच्या आंत ह्या प्रकारानें पोहणारा तो पहिला पुरुष ठरला. आणखी एक नियम वाचकांच्या घरच्या विहिरीवरील पोहणाऱ्यांनीं ऐकून ठेवण्यासारखा आहे: शर्यतींत जोर लावतांना दोन्ही पावलें बाहेर वळलेलीं असावीं लागतात. विहिरींत शिकलेल्या पुष्कळांचें एक पाऊल बाहेर आणि दुसरें आंत असतें. थोरल्या बंधूंना हा नियम सांगतांच त्यांनीं नियमच चुकीचा असल्याचा निकाल दिला.

मास्तरांची पद्धत मला आवडली, कारण तींत उपदेश थोडा होता. ठराविक अंतर ठराविक वेळां, ठराविक विश्रांति घेऊन पोहण्याच्या पाठाला तलावावर सेट म्हणतात. त्यांचा प्रत्येक सेट असा रचलेला असे कीं चुकीची लाथ आपण होऊन उघडी पडावी. मांड्यांमध्यें फोमचा ठोकळा धरून पोहावयास लावीत. गुडघे फांकले कीं ठोकळा निसटून वर येई. हात मागें नेऊन मांड्यांच्या बाजूला ठेवावयाचे आणि प्रत्येक लाथेच्या वेळीं टांचांनीं बोटांना स्पर्श करावयाचा. टांचा पुरत्या वर आल्या नाहींत तर स्पर्श होत नाहीं. उताणें होऊन तशाच लाथा मारावयाच्या, गुडघे पाण्याबाहेर दिसतां कामा नयेत. सर्वांत कठीण प्रकार खोल बाजूचा. तेथें पाण्यांत उभें राहून २० सेकंद लाथा मारावयाच्या, २० सेकंद थांबावयाचें, असें आठ वेळां. आणि शेवटच्या चार वेळीं दोन्ही हात कोंपरापर्यंत पाण्याबाहेर. लाथ लंगडी असेल तर नाकातोंडांत पाणी जातें. ह्याहून स्पष्टवक्ता परीक्षक मीं पाहिलेला नाहीं.

मुख्य सेट मात्र मोजणीचा. ५० मीटर आठ वेळां, नुसत्या पायांनीं, दर दीड मिनिटाला एक. आणि दर २५ मीटरला लाथा १६ पेक्षां अधिक होतां कामा नयेत. सतरावी लाथ पडली कीं ती फेरी बाद. पहिल्या दिवशीं आठांपैकीं तीनच फेऱ्या धरल्या गेल्या. पहिल्या दोनतीन फेऱ्यांत लाथ बरोबर असे; पांचवीसहावीला मांड्या भरून येत आणि जुनी खोड हळूच परत येई. मास्तरांचें म्हणणें असें कीं खरा पाठ तेथूनच सुरू होतो, कारण शर्यतींतील शेवटचे २५ मीटर दमलेल्या पायांनींच पोहावयाचे असतात.

तें म्हणणें मला पटतें. पण दमलेला पाय आणखी एक गोष्ट करतो. तो घोटा वळवण्याचा आळस करतो आणि तें काम गुडघ्याला पिळ देऊन उरकतो. तिसऱ्या आठवड्यांत पोरगी जिना उतरतांना कठड्याला धरूं लागली. दोन दिवस तिनें कोणास सांगितलें नाहीं, वहिनींनीं ओळखलें. उजव्या गुडघ्याच्या आंतल्या बाजूस दुखत होतें. डॉक्टरांनीं तेथील अस्थिबंध ताणला गेल्याचें सांगितलें. ह्या प्रकाराच्या पोहणाऱ्यांत तें दुखणें इतकें ओळखीचें आहे कीं इंग्रजींत त्याला ब्रेस्टस्ट्रोकचाच गुडघा म्हणतात.

घरांत त्या रात्रीं बरीच बोलाचाली झाली. थोरले बंधु म्हणाले, "पुरे झालें हें." आई इतकेंच म्हणाली, "गुडघे जन्मभर पुरवायचे असतात रे." मुलगी न जेवतां उठून गेली. सेट कठीण होते म्हणून गुडघा दुखावला असें मला वाटलें नाहीं. १५ दिवसांत पायांचें काम रोजच्या २०० मीटरांवरून जवळजवळ हजारावर गेलें होतें, आणि तें वाढविण्याची घाई तिच्यापेक्षां मोठ्यांना अधिक होती. दुसऱ्या दिवशीं मीं हें मास्तरांना सांगितलें, आणि त्यांनीं तें वाद न घालतां ऐकून घेतलें. तीन आठवडे ती लाथ बंद, हातांचें पोहणें चालू, असें ठरलें.

डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावर मास्तरांनीं प्रथम तिला पाण्यांत न उतरवितां कांठावर टांचा टेकवून उकिडवें बसण्यास सांगितलें. ती मागें कलंडली. टेबलाखुर्चीवर वाढलेल्या मुलांचे घोटे नडगीकडे पुरते वांकत नाहींत, आणि घोटा वांकला नाहीं कीं पाणी पकडण्याचा भार गुडघ्यावर येतो, असें त्यांनीं समजावून सांगितलें. घरीं आलों तों आई स्वयंपाकघरांत मेथी निवडीत बसली होती. वय ७९, आणि दोन्ही टांचा जमिनीला घट्ट टेकलेल्या! मुलगी तिच्याकडे पाहतच राहिली. दुसऱ्या दिवसापासून रोज सायंकाळीं दाराच्या चौकटीला धरून, दुखलें तर लगेच उठावयाचें ह्या अटीवर, ती आजीशेजारीं बसूं लागली. ह्याला आतां घरांत "मेथीचा सेट" म्हणतात, आणि पालेभाज्यांचा खर्च वाढला आहे.

पाण्यांतील काम २५ मीटरच्या चार फेऱ्यांपासून, ठोकळा धरून, पुनः सुरू झालें. आठवड्याला थोडें थोडें वाढलें. आज साडेतीन महिने झाले. लाथा १९ वरून १३ वर आल्या आहेत, गेल्या दोन रविवारीं आठहि फेऱ्या धरल्या गेल्या, आणि १०० मीटरचा वेळ चार सेकंदांनीं उतरला आहे. मास्तरांनीं आतां मर्यादा १२ लाथांची केली आहे. आई मात्र अजून रोज रात्रीं तिच्या उजव्या गुडघ्याची आंतली बाजू अंगठ्यानें दाबून पाहते आणि मगच तिला झोंपूं देते.