वसईची एक फेरी

वाचकहो, झोडणी आटोपून भात कणगीत पडले, की एक दिवस घरच्या मंडळींना घेऊन वसईला जा. आमच्या दापोड्याहून ती फार लांब नाही. भिवंडी रोड स्टेशनावर गाडी मिळते; खारबाव, कामण मागे टाकीत जाते. गाड्या मोजक्याच, वेळ आधी विचारून ठेवा.

किल्ला सकाळीच पाहावा, दुपारी दगड तापतात. पोर्तुगीजांनी १५३४ साली वसई घेतली. १५८० ते १६४० पर्यंत तर तिचा धनी स्पेनचाच राजा होता. १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली. त्या मोहिमेत आपल्या शेजारच्या अंजूरचे गंगाजी नाईक होते, हे पोरांना तिथेच, छप्पर गेलेल्या चर्चमध्ये उभे करून सांगा.

जेवायला साधी खाणावळ बघा. ताजे बोंबील आणि तांदळाची भाकरी मागा.

माझा जीव मात्र रमतो आगाशीच्या वाडीत. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात सुकवितात, ती सुकेळी. आभाळ आले की मेहनत वाया. गेल्या खेपेला एक वाडीवाले काका म्हणाले, "साहेब, माझ्यामागे हे कोणी करायचे नाही." मी शेतीखात्यातला, सल्ला द्यायची सवय जुनी. पण आमच्याच गावी भाताच्या खाचरांवर गोदामे उभी. त्यांना काय सांगणार? गप्प राहून दोन पुडे घेतले, घासाघीस केली नाही. तुम्हीही करू नका. एक पुडा सौभाग्यवतींनी आणि मी गाडीतच संपविला.