औषधाच्या मापाची जयणा



गॅस पेटवण्याआधी आपण शेगडी पुंजणीने झाडून घेतो, न गाळलेलं पाणी माठात जाऊ देत नाही. पण लेकराला ताप आला की त्याच आपण "एक चमचा औषध दे गं" म्हणून मोकळ्या होतो. कुठला चमचा? माझ्याच डब्यात तीन आकारांचे आहेत.

गेल्या पर्युषणात नणंद तिच्या नऊ महिन्यांच्या बाळाला घेऊन आली होती. प्रतिक्रमणाला निघायच्या वेळी बाळाचं अंग तापलं. तिची बाटली तिच्या घरी राहिलेली. आमच्या लेकाची पॅरासिटामॉलची बाटली कपाटात होती. "वहिनी, आमच्या डॉक्टरांनी पाच मि.ली. सांगितलंय, तेवढंच देते." मी बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं. ५ मि.ली.मध्ये २५० मि.ग्रॅ. तिच्या घरी फोन करून तिथली बाटली वाचायला लावली, तर १२०. म्हणजे तेच पाच मि.ली. बाळाला दुपटीहून जास्त झाले असते.

मग डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पहिल्यांदा वजन विचारलं, वय नंतर. नणंद बाळाला घेऊन वजनकाट्यावर उभी राहिली, मग एकटी. फरक आला ८ किलो. पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे १० ते १५ मि.ग्रॅ. देतात. ८ गुणिले १५, म्हणजे १२० मि.ग्रॅ. तिच्या बाटलीतून ते ५ मि.ली. होतात, आमच्या बाटलीतून फक्त २.४. आणि १ मि.ली.त १०० मि.ग्रॅ. असलेले थेंब असतील तर १.२ मि.ली. लहान बाळांचं म्हणून थेंबांचं औषध सौम्य असेल असं वाटतं ना? तेच सगळ्यात तीव्र असतं. सुईविना सिरिंज औषधांच्या दुकानात मिळते, तिनेच मोजायचं.

दोन डोसांत चार ते सहा तास जाऊ द्यायचे, २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. सर्दीच्या काही सिरपमध्येही पॅरासिटामॉल असतं, तेही या हिशेबात धरायचं. जास्त झालं तर यकृताला धोका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी हिशेब करत बसू नका, थेट डॉक्टरांकडे जा.

सासूबाईंनी विचारलं, "सूर्यास्त झाला, आता औषध?" चौविहाराचं पच्चक्खाण आपण घेतलंय, बाळाने नाही, असं मी म्हटलं. त्यांनी स्वतःच सिरिंज उकळत्या पाण्यातून काढून आणली. उलट आपण रात्र टाळायची म्हणून सूर्यास्ताआधी घाईने दुसरा डोस देतात काही घरांत, ते मला जास्त भीतीचं वाटतं.

आता कपाटाच्या दारावर आतून कागद चिकटवलाय. मुलाचं नाव, वजन, वजन केल्याची तारीख, बाटलीवरचा आकडा, किती मि.ली. शेवटचा डोस किती वाजता दिला ते खाली पेन्सिलीने. दर दोन-तीन महिन्यांनी वजनाचा रकाना खोडून नवा लिहिते.